तिराहा, कट आणि झेब्रा : इंदुरातल्या एका कोपऱ्याच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

अन्नपूर्णा मंदिर आणि फूटी कोठी यांच्या मधल्या पट्ट्यात आमची वसाहत. आतला रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो तिराहा, त्याच्यासमोर डिव्हायडरमधला कट, आणि तिथून हाकेच्या अंतरावर शाळेचं फाटक. एवढाच या कामाचा पसारा. नोकरीत असताना मी रस्त्यांचे नकाशे काढायचे, म्हणून रहिवासी संघाने वही माझ्याकडे सोपवली.

देवळाच्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली. एरवी वर्गणीच्या बैठकीला दहा डोकी जमत नाहीत, आज बसायला सतरंजी पुरली नाही. दिवाळीच्या सुट्टीत कटवर एका आजोबांना स्कूटरने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, त्याची धग अजून आहे. दीड तासात एकच मागणी फिरून फिरून आली : ब्रेकर टाका. शाळेपुढे टाका, देवळापुढे टाका, डेअरीपाशी टाका, वळणावर दोन टाका. गंमत अशी की ब्रेकर सगळ्यांना हवा, पण स्वतःच्या दारापुढे कुणालाच नको. रात्री गाड्या आदळतात, झोपमोड होते. म्हणजे शेजारच्यांच्या दारापुढे चालेल!

शेवटी ठरवून घेतलं, नव्या वर्षापर्यंत कुणी उपाय सांगायचा नाही. फक्त कुठे काय झालं ते सांगायचं. काही जण नाराज झाले. 'मग बैठक बोलावली कशाला?' असं एक काका उठता उठता म्हणालेच.

२४ नोव्हेंबर, रविवार

वसाहतीचा नकाशा मोठा करून चार फुटी कागदावर काढला आणि देवळाच्या ओट्यावर पसरला. खुणा करायला स्टिकर आणायचे होते, पण एका काकूंनी घरातून टिकल्यांची पाकिटं आणली आणि तेच सोयीचं पडलं. जिथे पडलो, धडकलो, लागलं तिथे लाल टिकली. जिथे भीती वाटते तिथे हिरवी.

मुलांनी आधी आपापल्या घरांवर टिकल्या लावून घेतल्या. तो भर ओसरल्यावर नकाशा बोलायला लागला. बैठकीत ज्या डेअरीपाशी ब्रेकर हवा म्हणून आवाज चढले होते, तिथे एकही लाल टिकली नाही. लाल टिकल्यांचा पुंजका कटच्या तोंडाशी. हिरव्या मात्र दोन ठिकाणी दाट : शाळेचं फाटक आणि तिराह्याचा डावा कोपरा. डाव्या कोपऱ्याचं नाव बैठकीत कुणी काढलंही नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

नोंदलेले अपघात बघायचे म्हणून ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदारसाहेबांशी बोलून आलो. २०२१पासून पोलीस अपघाताची माहिती मोबाइलवरून केंद्राच्या एकाच डेटाबेसमध्ये भरतात, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. व्यवस्था चांगली आहे. पण जे प्रकरण ठाण्यात पोचतं तेच तिच्यात शिरतं. आमच्या कोपऱ्यावर खरचटलेला माणूस उठतो, स्कूटर उचलतो, दोन शिव्या देतो नाहीतर घेतो, आणि घरी जातो.

'ब्लॅक स्पॉट' घोषित करून घ्या, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. केंद्रीय मंत्रालयाची व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे : सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत ५ गंभीर अपघात, म्हणजे मृत्यू किंवा मोठी इजा झालेले, नाहीतर त्याच काळात १० मृत्यू. इतकी माणसं जायची वाट बघून मग अर्ज करायचा, हे काही मला पटत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली कितीतरी अशाच कोपऱ्यांवर गेली असतील, ज्यांना कुठल्या व्याख्येत जागा नाही.

खरी माहिती मिळाली पंक्चरवाल्या भैयांकडे. कोपऱ्यावर पडलेली गाडी आधी त्यांच्याकडे येते. हँडल सरळ करायला, फुटरेस्ट ठोकून घ्यायला, आरसा बदलायला. ते म्हणाले, 'बारिश में उतना नहीं, जितना सुबह स्कूल के टाइम।' पावसात लोक जपून चालवतात. आणि बहुतेकांचं डावं अंग खरचटलेलं असतं. डावं का, ते माझ्या अजून ध्यानात येत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेसहाला कटपाशी जाऊन उभी राहिले. थंडी मी म्हणत होती, रस्त्यावरचे दिवे कडुनिंबाच्या फांद्यांत अडकलेले, खाली पुरता अंधार. बैठकीला जी माणसं कधी येत नाहीत ती या वेळी दिसतात. घरकामाला येणाऱ्या मावश्या मॅजिकमधून, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या छोट्या व्हॅनमधून, पलीकडे उतरतात आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात. गडद शाली, अंधार, आणि फूटी कोठीकडून सुसाट येणाऱ्या दुधाच्या गाड्या.

झेब्रा तिथून पंधरा पावलांवर आहे. एकही मावशी तिकडे गेली नाही. 'लोकांना शिस्त नाही' हे वाक्य बैठकीत मी पाच-सहा वेळा ऐकलं होतं, म्हणून एकीला थांबवून विचारलं. ती हसली. 'दीदी, उधर चढ़ेंगे कैसे?'

जाऊन पाहिलं. झेब्राचे पट्टे नीट मारलेले आहेत, अर्ध्या मीटरचा पांढरा, तेवढीच मोकळी जागा. पण ते पट्टे जाऊन थेट डिव्हायडरला धडकतात. डिव्हायडर तिथे खाली केलेलाच नाही. टेप लावला : ३८ सेंटिमीटर. वर मातीचा वाफा, वाफ्यात कमरेएवढी कण्हेर. नऊवारी सोडा, पाचवारी नेसलेल्या बाईने हातातली पिशवी सांभाळत गुडघ्याएवढी पायरी चढायची, कण्हेरीतून वाट काढायची आणि पलीकडे तेवढंच खाली उतरायचं, तेही येणाऱ्या गाडीच्या तोंडावर. फुटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शन सांगतं. इथे तर त्याच्या अडीचपट.

मग त्या काय करतात? कटमधून जातात. त्यातही त्यांची एक रीत आहे. वळणारी मोटार येईपर्यंत कडेला थांबायचं. मोटार यू-टर्न घ्यायला आडवी झाली की समोरून येणाऱ्यांना थांबावंच लागतं, तेवढ्यात तिच्या आडोशाने तिच्याबरोबर चालत पलीकडे. 'गाड़ी मुड़ती है तो हम उसके साथ-साथ निकल जाते हैं।' मी तीन-चार खेपा पाहिल्या, अगदी सराईत काम. पण थांबलेल्या मोटारीच्या बगलेतून स्कूटर काढायची सवय आपल्याकडे सगळ्यांना. स्कूटरवाल्याला मोटारीआडचा माणूस दिसत नाही, माणसाला स्कूटर दिसत नाही. आजोबाही असेच ओलांडत होते, मोटारीच्या आडोशाने. त्यांच्या मुलाला संध्याकाळी फोन करून विचारलं, तो म्हणाला, हो, बाबांनी तसंच सांगितलं होतं, पण आम्हाला वाटलं बाबांचंच चुकलं.

या एका सकाळीने कामाची दिशा ठरली. ब्रेकर टाकून हे सुटणारं नाही. डिव्हायडर कापायला हवा.

२२ डिसेंबर, रविवार

वेग मोजायला पॉलिटेक्निकची दोन मुलं आणि एक मुलगी आली. रडारगनची गरज नाही. रस्त्याकडेला ३० मीटरवर चुन्याच्या दोन रेघा ओढायच्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं. ३.६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, दोन सेकंद लागले तर ५४. मुलांना हे गणित इतकं आवडलं की कागद भरून झाल्यावरही ती मोजतच राहिली. मोजणारा दिसला की लोक वेग कमी करतात, म्हणून त्यांना पोहेवाल्याच्या बाकावर बशी घेऊन बसवलं होतं. पोह्यांचा खर्च संघाच्या खात्यात टाकला, खजिनदारांनी भुवया उंचावल्या.

मोठ्या रस्त्यावर सरळ जाणाऱ्यांचा वेग आम्ही धरला होता तेवढाच निघाला. धक्का बसला तो डाव्या कोपऱ्यावर. मोठ्या रस्त्यावरून आत वळणारी दुचाकी ब्रेकला हात न लावता वळते. कोपरा इतका गोल आणि ऐसपैस ठेवलाय की वळण घ्यायला वेग सोडावाच लागत नाही. वळून पुढे आलं की लगेच शाळेच्या रिक्षा उभ्या. मग डावीकडे गाडी घासत थांबायची. पंक्चरवाल्यांचं 'डावं अंग' ते हेच.

५ जानेवारी २०२५, रविवार

दुसरी बैठक. नकाशा, टिकल्या, कटचे फोटो, वेगाचा कागद सगळं भिंतीवर लावलं.

आधी साधं गणित मांडलं. कोरड्या रस्त्यावर, भानावर यायला एक सेकंद धरला, तर ताशी ३०ने जाणारी गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ५०ने जाणारी २८ मीटरमध्ये. वेग दुपटीहून कमी वाढला, अंतर मात्र दुपटीच्या वर गेलं. दुसरं गणित चालणाऱ्यांचं. रस्त्याची एक बाजू ७ मीटर. गुडघेदुखीचं माणूस ती पार करायला नऊएक सेकंद घेतं. तेवढ्या वेळात ५०ने येणारी गाडी सव्वाशे मीटर कापते. मधे थांबायला जागा असेल तर एका वेळी एकाच बाजूला बघायचं आणि सव्वाशे मीटर मोकळा रस्ता पुरतो. मधे जागा नसेल तर जवळच्या बाजूला सव्वाशे आणि पलीकडच्या बाजूला अडीचशे मीटर मोकळे एकाच वेळी मिळायला हवेत. आपल्या रस्त्यावर ते पहाटे चारला मिळतील.

यानंतर डिव्हायडर कापण्याला विरोध उरला नाही. ब्रेकरचा हट्ट मात्र सुटेना. वसाहतीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी मग सूत्रं हातात घेतली. कुणीतरी उरलेलं काँक्रीट ओतून रातोरात उभे केलेले ब्रेकर त्यांना तोंडपाठ आहेत, कारण त्यांचे पेशंट तिथूनच येतात. नियमातला ब्रेकर म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि मधे जेमतेम १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ने तो अंगाला फारसा जाणवत नाही. आपल्या गल्लीतले फूटभर रुंद आणि वीतभर उंच. स्कूटर वर चढते, बंपर घासतो, मागे बसलेल्या बाईचा मणका हादरतो. डॉक्टर म्हणाले, 'मला कामाची कमतरता नाही, तुम्ही आणखी पाठवू नका.' हशा पिकला आणि तणाव सैल झाला.

मागणी तीन कामांवर येऊन थांबली. डिव्हायडर झेब्रापाशी जमिनीला आणून मधे थांबायला जागा करणं, डावा कोपरा आवळणं, आणि शाळेपुढे ब्रेकरऐवजी उंच सपाट झेब्रा, म्हणजे फुटपाथच्या पातळीवरूनच मुलं पलीकडे जातील आणि गाड्यांना चढून उतरावं लागेल. चौथी गोष्ट दिव्यांची : खांब नवे नकोत, फांद्या छाटा आणि एक खांब झेब्राजवळ सरकवा.

२१ जानेवारी, मंगळवार

कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस. रांगेत आमच्यापुढे पेन्शन, मागे जमिनीचा वाद. अर्जाला फोटो जोडले होते. मावशी कण्हेरीतून डिव्हायडर चढतेय तो फोटो समोरच्या अधिकारीबाईंनी उचलून दोनदा पाहिला. फोटोला मावशीने परवानगी दिली होती, चेहरा दिसणार नाही असा काढलाय. अर्ज नगर निगम आणि ट्रॅफिक पोलीस दोघांकडे पाठवला, पावती मिळाली. पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, आधीच भेटून गेलो होतो ते बरं झालं. त्यांना वगळून वर गेलं की खालचं काम अडतं, हे कुठल्याही शहरातलं शास्त्र.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झोनचे सब-इंजिनिअर जागेवर आले. तरुण आहेत, टेप स्वतःच्या हाताने धरतात. डिव्हायडर कापायला त्यांची ना नाही. कोपऱ्यावर मात्र अडले. 'कचरागाडी वळली नाही तर उद्या मलाच फोन.' रास्त शंका. स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात कचरागाडी अडली तर काय होतं ते सांगायला नको. अग्निशमनाची गाडीही धरायला हवी.

मी म्हटलं, आधी काही बांधू नका. रस्ता अडवायचे प्लास्टिकचे कोन आणि चुना लावून तीन दिवस करून पाहू. जमलं नाही तर उचलून ठेवू. ते हो म्हणाले. कोन ट्रॅफिक पोलिसांकडून मिळवायचे.

२ मार्च, रविवार

आजच्या बैठकीत आमच्या तिराह्याचा विषय दहा मिनिटं चालला आणि बीआरटीएसचा, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग घालून बससाठी राखलेल्या मार्गाचा, तासभर. फेब्रुवारीच्या शेवटी हायकोर्टाने तो कॉरिडॉर काढायला परवानगी दिली, आणि निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या साडेअकरा किलोमीटरबद्दल इंदुरात मत नाही असा माणूस सापडणं कठीण. माझं मत : रेलिंग काढण्यावर सगळे बोलतायत, पण बसचा प्रवासी आता रस्त्याच्या मधल्या स्टॉपऐवजी कडेला उतरणार, तो कुठे आणि कसा ओलांडणार यावर कुणी बोलत नाही. हे वहीत लिहिलं. हॉलमध्ये बोलले असते तर आणखी अर्धा तास गेला असता.

१९ मार्च

रंगपंचमी. सगळं इंदूर राजवाड्याकडे गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत. काम शून्य.

४ ते ६ एप्रिल, शुक्रवार ते रविवार

कोपऱ्याची चाचणी. शाळेचं नवं सत्र १ एप्रिलला सुरू झालंय, म्हणून शुक्रवार-शनिवार मुद्दाम साधले.

गुरुवारी रात्री साडेदहाला रस्ता रिकामा झाल्यावर आखणी केली. आहे त्या कोपऱ्याची त्रिज्या साधारण ९ मीटर. ती ५वर आणायची. चुन्याची दोरी, रेतीने भरलेल्या गोण्या आणि पुढे कोन. संघातली तरुण मंडळी होती, आणि दोघी काकू थर्मासमधून चहा घेऊन उभ्या. आखलेल्या भागात शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी मुलांकडून रविवारी रांगोळी काढून घ्यायची ठरवलीय, ती गाड्यांना दुरून दिसेल असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवारी सकाळी पहिली परीक्षा कचरागाडीची. गाणं वाजवत आली, चालकाने कोन पाहून गाडी थांबवली, मान बाहेर काढून आम्हा सगळ्यांकडे एक नजर टाकली. मग पहिल्या गिअरमध्ये थोडं उजवीकडे घेऊन सफाईने वळवली. एकही कोन पडला नाही. सब-इंजिनिअरसाहेब त्याचा व्हिडिओ काढत होते.

दुचाक्यांचा फरक डोळ्यांना दिसत होता. आधी वळताना अंगाचा तोल एका बाजूला टाकून सुळकन जायचे, आता प्रत्येक जण ब्रेक लावत होता. मुलांनी स्टॉपवॉच लावलं होतंच. कोपऱ्यावर पूर्वीसारखं दोन सेकंदांचं वळण कुणालाच जमेना. एका तरुणाने कोन लाथेने उडवला आणि वळून 'क्या तमाशा है' म्हणाला. शाळेच्या रखवालदाराने कोन परत जागेवर ठेवला, हा प्रकार दिवसभरात काही वेळा झाला.

अनपेक्षित ते शनिवारी घडलं. कोपरा आवळल्यामुळे फुटपाथची जी तिरकी जागा मोकळी झाली तिथे शाळा सुटायच्या वेळी आया, आज्या, एक-दोन आजोबा जाऊन उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. एरवी ही मंडळी रिक्षांच्या मधे, रस्त्यावर उभी असतात. मुलं फाटकातून निघाली ती सरळ या जागेकडे. उपमुख्याध्यापक बाई म्हणाल्या, हे ठेवाच, आम्ही रोज ओरडून जे होत नव्हतं ते गोण्यांनी केलं.

रविवारी अग्निशमनाची गाडी पार्षदांनी बोलावली. ती आत वळताना समोरच्या बाजूला उभी असलेली एक मोटार आडवी आली. म्हणजे अडचण कोपऱ्याची नव्हती, कोपऱ्यालगतच्या पार्किंगची होती.

१३ एप्रिल, रविवार

त्यावरूनच आज खडाजंगी. कोपऱ्यापासून आणि झेब्रापासून १० मीटर गाडी उभी करायची नाही असं सुचवलं, कारण उभ्या गाडीमागून रस्त्यावर येणारं मूल गाडीवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतं. किराणावाले काका भडकले. 'दुकानापुढे गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. तुमचा रस्ता सुरक्षित होईल, माझं दुकान बसेल.' त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याच दुकानात जाऊन बसले. तासाभरात समोर लागलेल्या मोटारींपैकी गिऱ्हाइकांच्या थोड्याच, बाकी वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या पालकांच्या. काकांनाही ते पाहून नवल वाटलं. तोडगा : कोपऱ्यालगत मोटारींना मनाई, त्यांच्या दुकानापुढे दुचाकींसाठी रेघा. दुचाकी उभी असली तर तिच्यावरून नजर जाते, मूल दिसतं. काकांनी मान डोलावली, पण रेघा मारण्याआधी मला दाखवा म्हणाले.

१८ मे, रविवार

एस्टिमेट मंजूर. फाइल ज्या ज्या टेबलांवरून गेली त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. ऊन असं की दुपारी डांबरावर चप्पल चिकटते. शाळा बंद, हेच काम करून घ्यायचे दिवस.

१२ जून, गुरुवार

डिव्हायडर कापला. झेब्राच्या रुंदीएवढा, पूर्ण जमिनीला. दोन्ही टोकांना कट अरुंद करून मधे दीड मीटरची थांबायची जागा केली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना डिव्हायडरची टोकं पुढे काढून वर परावर्तक लावले, म्हणजे थांबलेल्या माणसाला आडोसा राहतो. ठेकेदाराचा माणूस मधे एक लोखंडी खांब रोवायला निघाला होता, दुचाक्या घुसू नयेत म्हणून. खांबाच्या बाजूची जागा व्हीलचेअर आणि बाळाची गाडी जाईल इतकी हवी, हे त्याला समजावताना अर्धी सकाळ गेली. शेवटी शेजारच्या घरातल्या आजींची व्हीलचेअरच आणून मोजमाप दाखवलं. शब्दांनी जे झालं नाही ते चाकांनी केलं.

कण्हेर निगमच्या बागवाल्यांनी मुळासकट उचलून पुढे लावली. या झाडाबद्दल वसाहतीत प्रेम आहे, तोडली असती तर नवं आंदोलन उभं राहिलं असतं.

कोपऱ्याची कड पण बसली. शाळेपुढचा उंच झेब्रा मात्र राहिला. त्याचा उतार आखताना लक्षात आलं की रस्त्याच्या कडेने वाहणारं पावसाचं पाणी त्याच्यामागे तुंबेल, थेट फाटकात. कडेला जाळी टाकून पाणी जायला वाट ठेवायची तर नव्याने लेव्हल घ्यावी लागणार. सब-इंजिनिअर म्हणाले, पाऊस बघू, मग करू. बरोबर आहे त्यांचं.

२९ जून, रविवार

जोराचा पाऊस. छत्री घेऊन फाटकापाशी गेले आणि पाणी कुठून कुठे जातं ते नकाशावर बाणांनी मांडलं. फाटकाच्या डाव्या हाताला चेंबर आहे, पण त्याचं तोंड रस्त्याच्या पातळीपेक्षा वर. पाणी त्याला वळसा घालून जातं. हे कोरड्या दिवसात कुणालाच कळलं नसतं.

झेब्राचे पट्टे पावसाळ्यानंतरच. पट्ट्यांचा रंग, म्हणजे थर्मोप्लास्टिक, साधारण २०० अंशांपर्यंत तापवून ओततात आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, ते रात्री हेडलाइटमध्ये चमकतात. रस्ता ओला असेल तर ते धरत नाही, महिन्यात सोलून निघतं.

३ ऑगस्ट, रविवार

शुक्रवारपासून इंदुरात हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे जुलैच्या शेवटी इथे बैठक घेऊन गेले, त्यानंतर लगोलग कलेक्टरांचा आदेश निघाला. पंपावर हेल्मेट एकाचं, पेट्रोल पाच जणांचं, असा प्रकार डोळ्यांनी पाहिला. तरी आमच्या गल्लीत माळ्यावरची हेल्मेटं खाली आली आहेत हे खरं. नियमाने हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे. शाळेत मुलांना सोडणाऱ्या स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं पोर मात्र अजून उघड्या डोक्यानेच जातं, त्याचा विषय पालकसभेत घ्यायचा.

१७ सप्टेंबर, बुधवार

सोमवारी संध्याकाळी एअरपोर्ट रोडवर कालानी नगर ते बडा गणपतीच्या टप्प्यात ट्रक नो एंट्रीत घुसला आणि माणसांना, गाड्यांना चिरडत गेला. शहर सुन्न आहे. वसाहतीतल्या एकीची बहीण त्याच भागात राहते, ती सुखरूप आहे.

आजची ठरलेली भेट अर्थातच झाली नाही, सगळे अधिकारी नो एंट्रीच्या बंदोबस्तात. तक्रार नाही. पण संध्याकाळी ओट्यावर जी चर्चा झाली तीत एक गोष्ट मला खटकली. 'आपल्याकडे ट्रक येत नाहीत, आपण सुटलो.' आजोबांना उडवलं ती स्कूटर होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी आटोपली, मजूर गावाहून परतायचे आहेत. उंच झेब्राची नवी लेव्हल मंजूर. कडेला जाळी आणि चेंबर खाली घेणं दोन्ही त्यात आहे, जूनमधला बाणांचा नकाशा फाइलला लागला.

आजोबा काठी घेऊन पहिल्यांदाच कटपर्यंत आले. ओलांडलं नाही, मधल्या जागेपर्यंत गेले, तिथे थांबून दोन्हीकडे बघितलं आणि परत फिरले. 'रुंदी पुरते, पण बसायला काही हवं होतं,' म्हणाले. रस्त्याच्या मधोमध बाक ठेवता येत नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शाळेपुढचा उंच झेब्रा झाला, पट्टे काल रात्री मारले. सकाळी पाहणी केली. उतार नीट आहे, स्कूटर आदळत नाही पण वेग सोडते. जाळीच्या एका टोकाला दोन बोटांची फट राहिलीय, सायकलचं चाक अडकेल, ती उद्याच बुजवायला सांगितली.

साडेसहाच्या मावश्या आता झेब्रावरून जातात. सगळ्या नाही. ज्यांचं मॅजिक कटपाशीच थांबतं त्या अजून कटमधूनच, कारण पंधरा पावलं उलट जाऊन परत येणं त्यांना परवडत नाही. मॅजिकचा थांबा झेब्राशी आणल्याशिवाय हे संपणार नाही. चालकांशी बोलले, ते तयार आहेत, पण पाटी हवी म्हणतात. पाटीशिवाय थांबलं की चालान.

दिव्याचा खांब अजून जागचा हललेला नाही. फांद्या छाटल्या तेवढ्याने थोडा उजेड आलाय.

नवी भानगड : आवळलेल्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत ई-रिक्षावाल्यांनी स्टँड केलाय. आज्या पुन्हा रस्त्यावर. हाकलून उपयोग नाही, शाळेच्या मुलांनाच ते नेतात आणि त्यांना जागा द्यावीच लागेल. फाटकाच्या पलीकडे भिंतीलगत तीन रिक्षा मावतील एवढी जागा मोजून ठेवलीय, १० मीटरचा नियम मोडत नाही. बुधवारी ट्रॅफिक ठाण्यात वेळ मिळाली आहे. मॅजिकच्या पाटीचा अर्ज आणि रिक्षांचा नकाशा दोन्ही बरोबर न्यायचं, आणि किराणावाल्या काकांना दुचाकीच्या रेघा दाखवायच्या राहिल्यात.